कीटकांमधील शीतसहनशीलतेची आनुवंशिकी

कीटकांमधील शीतसहनशीलता म्हणजे शरीराच्या नेहमीच्या कार्यकक्षेपेक्षा कमी तापमानात जिवंत राहण्याची, आणि थंडी ओसरल्यावर पुन्हा हालचाल, वाढ व प्रजनन करू शकण्याची कीटकांची क्षमता. कीटक शीतरक्ती असल्याने त्यांच्या शरीराचे तापमान बहुतांशी भोवतालच्या तापमानाबरोबर वरखाली होते. त्यामुळे थंडीपासूनचे त्यांचे संरक्षण हे मुख्यतः पेशीतील रसायने, पेशीपटलाची घडण आणि जीवनचक्राचे वेळापत्रक यांवर अवलंबून असते. या तिन्हींचे नियंत्रण जनुकांकडे आहे. कोणती जनुके हे काम करतात, त्यांतील फरक एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसे जातात आणि निवडीच्या दबावाखाली ते कसे बदलतात, याचा अभ्यास शीतसहनशीलतेच्या आनुवंशिकीत होतो.

या विषयावरील बहुतेक मूलभूत संशोधन हिमाच्छादित प्रदेशांतील कीटकांवर झाले आहे. महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १०° से.च्या खाली जाते. थंडीच्या लाटेत ते ६° से.च्या आसपासही उतरते आणि राज्यातील त्या दिवशीच्या नीचांकी नोंदींत नगरचे नाव अनेकदा दिसते. तरीही शेतातील पाणी गोठत नाही. येथील कीटकापुढे बर्फाचा धोका जवळजवळ नसतो. त्याच्यापुढे दोन प्रश्न असतात : गारठ्याने होणारी इजा कशी टाळायची, आणि हे महिने जागेपणी काढायचे की सुप्तावस्थेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्यातील कापूस आणि तुती रेशीम या दोन्ही व्यवसायांशी थेट जोडलेले आहे.

गोठण आणि गारठा

शीतसहनशीलतेची चर्चा करताना दोन वेगळ्या संकटांची गल्लत होऊ देऊ नये. पहिले संकट गोठण्याचे. शरीरातील पाण्याचे स्फटिक बनले की पेशी फुटतात किंवा त्यांतील पाणी बाहेर ओढले जाऊन त्या कोरड्या पडतात. दुसरे संकट गारठ्याचे. यात बर्फाचा कणही तयार होत नाही. तापमान शून्याच्या वर असतानाही कीटक लुळा पडतो आणि बराच काळ तसाच राहिल्यास मरतो.

गोठण्याला तोंड देण्याच्या दोन रीती आहेत. काही कीटक शरीरातील द्रव शून्याखाली बऱ्याच अंशांपर्यंत द्रवरूपच ठेवतात. यास अतिशीतन म्हणतात. काही कीटक मात्र पेशींबाहेरील पाणी गोठू देतात आणि पेशींच्या आतील भाग वाचवतात. उत्तर अमेरिकेतील गोल्डनरॉड या एकाच रानवनस्पतीच्या खोडावरील गाठींत दोन्ही प्रकारच्या अळ्या हिवाळा काढतात : युरोस्टा सॉलिडॅजिनिस या माशीची अळी गोठते व वसंतात पुन्हा सचेत होते, तर एपिब्लेमा स्कडेरियाना या पतंगाची अळी गोठणे टाळते. एकाच झाडावर, एकाच हवामानात उत्क्रांतीने दोन भिन्न मार्ग निवडले, याचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

या बाबतीतील टोकाची उदाहरणे थंड प्रदेशांतच सापडतात. नेपाळमधील याला हिमनदीवर राहणारा डायामेसा प्रजातीचा चिलटासारखा कीटक −१६° से. तापमानातही चालताना आढळला. त्याचे वर्णन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. अंटार्क्टिकातील बेल्जिका अंटार्क्टिका या पंखहीन कीटकाचा जनुकसंच २०१४ मध्ये वाचण्यात आला, तेव्हा तो सुमारे ९.९ कोटी आधारजोड्यांचा, म्हणजे तोवर ज्ञात असलेल्या कीटकांत सर्वांत लहान निघाला.

गारठ्याची इजा कशाने होते, हे तुलनेने उशिरा उलगडले. कीटकाच्या पेशींत पोटॅशियम जास्त व सोडियम कमी ठेवण्याचे काम पेशीपटलावरील आयनपंप करतात, तर उत्सर्गनलिका व पश्चांत्र रक्तातील क्षार व पाण्याचा समतोल राखतात. तापमान उतरले की हे पंप मंदावतात, पण आयनांची गळती त्या प्रमाणात कमी होत नाही. रक्तात पोटॅशियम साचते, चेता व स्नायूंच्या पेशींवरील विद्युतभार ढासळतो आणि कीटक उलथा पडतो. या अवस्थेला शीतमूर्च्छा म्हणतात. मूर्च्छा लांबली तर पेशी मरू लागतात. उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांतील फळमाश्यांच्या जातींची तुलना केली असता, थंडी सोसणाऱ्या जाती हा आयनांचा समतोल अधिक काळ टिकवतात असे दिसून आले आहे. नगरच्या हिवाळ्यात पहाटे गवतावर निपचित पडलेला आणि ऊन चढल्यावर उडून जाणारा कीटक हे याच यंत्रणेचे रोजचे रूप होय.

संरक्षक रसायने व त्यांची जनुके

थंडीत अनेक कीटक ग्लिसरॉल, सॉर्बिटॉल, ट्रेहॅलोज किंवा प्रोलिन यांसारखी लहान रेणूंची द्रव्ये मोठ्या प्रमाणात साठवतात. ही द्रव्ये गोठणबिंदू खाली आणतात आणि प्रथिनांची घडी मोडू देत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे जनुक लागतेच असे नाही. त्यांतील बरीच नेहमीच्या ग्लायकोजेनच्या साठ्यापासून बनतात. थंडीत फक्त त्या मार्गावरील विकरांची जनुके जास्त किंवा कमी सक्रिय होतात. म्हणून येथे उत्क्रांती बहुधा जनुकाच्या रचनेपेक्षा त्याच्या नियंत्रणात घडलेली दिसते.

गोठणरोधक प्रथिनांची गोष्ट निराळी आहे. पीठकिड्याच्या वर्गातील टेनेब्रियो मोलिटर हा भुंगेरा आणि स्प्रूस वृक्षावरील कळीअळी यांची अशी प्रथिने बर्फाच्या सूक्ष्म स्फटिकाला चिकटून त्याची वाढ रोखतात. त्यांची जनुके एकेकटी नसून अनेक प्रतींच्या कुटुंबात आढळतात. भुंगेरा आणि पतंग या दोन दूरच्या गटांत ही प्रथिने स्वतंत्रपणे उत्पन्न झाली, तरी बर्फाला भिडणारा त्यांचा पृष्ठभाग थ्रिओनिन या अमिनो आम्लाच्या सारख्याच रांगांनी बनलेला आहे.

पेशीपटलातील मेदाम्ले थंडीत घट्ट होतात. डिसॅच्युरेज विकरे त्यांत दुहेरी बंध निर्माण करून पटल प्रवाही ठेवतात. उष्माघात प्रथिने नावाने ओळखली जाणारी प्रथिने थंडीतही उपयोगी पडतात : मांसमाशीच्या सुप्त कोशांत त्यांची दोन जनुके आरएनए-हस्तक्षेपाने दाबली असता कोशांची थंडी सोसण्याची शक्ती घटली, असे २००७ मध्ये दाखविण्यात आले.

या साऱ्या तयारीला दर वेळी आठवडे लागतात असे नाही. १९८७ मध्ये मांसमाशीवरच झालेल्या प्रयोगात −१०° से.ला दोन तासांत मरणाऱ्या अवस्था, आधी ०° से. तापमानात अवघी दहा मिनिटे ठेवल्यास मोठ्या प्रमाणात वाचू लागल्या. या जलद कणखरपणामुळे एक पद्धतीचा प्रश्न उभा राहतो. दोन ठिकाणच्या कीटकांत दिसलेला फरक आनुवंशिक आहे की आदल्या रात्रीच्या हवेचा परिणाम आहे, हे ठरविण्यासाठी दोन्हींची संतती प्रयोगशाळेत सारख्याच तापमानात एक-दोन पिढ्या वाढवावी लागते. शेतातून पकडून आणलेल्या कीटकांवर थेट केलेल्या चाचणीतून आनुवंशिकतेबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

फळमाशीवरील संशोधन

ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर ही फळमाशी मूळची आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशातली. माणसामागोमाग ती जगभर पसरली आणि वाटेत थंड हवामानाला जुळवून घेत गेली, म्हणून या विषयासाठी ती सोयीची ठरली. नेहमीच्या चाचणीत माश्यांना ०° से. तापमानात काही तास ठेवून मूर्च्छित करतात आणि उबेत आणल्यावर त्या पायांवर उभ्या राहण्यास किती मिनिटे लागतात ते मोजतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर उष्णकटिबंधापासून दक्षिणेकडे जाताना हा वेळ कमी होत जातो, आणि त्याच माश्यांची उष्णता सोसण्याची शक्ती उलट दिशेने घटते, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. माश्या सारख्याच परिस्थितीत वाढविलेल्या असल्याने हा उतार आनुवंशिक ठरतो.

एकच एक ‘थंडीचे जनुक’ शोधण्याचे प्रयत्न मात्र फारसे यशस्वी झालेले नाहीत. फ्रॉस्ट नावाचे जनुक थंडीतून सावरताना जोमाने सक्रिय होते हे २००१ मध्ये कळले. ते दाबले असता मूर्च्छेतून सावरण्यास वेळ लागतो, असे २०१० मध्ये दिसले. पुढे २०१७ मध्ये जनुक-संपादनाने ते पूर्ण निकामी केले, तेव्हा थंडीनंतरच्या प्रजननाचे रक्षण हे त्याचे कार्य म्हणून पुढे आले. डिसॅच्युरेज-२ या जनुकाचा इतिहास अधिक बोलका आहे. आफ्रिकेबाहेरील माश्यांत ते निकामी असण्याचा संबंध थंडी सोसण्याशी जोडणारा निबंध २००३ मध्ये गाजला. २००६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा केला असता तसा परिणाम मिळाला नाही.

अमेरिकेतील रॅले येथील फळमाश्यांपासून तयार केलेल्या व संपूर्ण जनुकसंच वाचलेल्या अंतःप्रजनित वंशावळींचा संच २०१२ मध्ये उपलब्ध झाला. त्यांच्या अभ्यासातून शीतमूर्च्छेतून सावरण्याचा गुण बहुजनुकीय असल्याचे दिसते : अनेक ठिकाणचे लहानमोठे फरक मिळून तो घडतो. ज्वारीच्या ताटाची उंची किंवा गाईचे दूध यांसारख्या गुणांची आनुवंशिकता ज्या पद्धतीने अभ्यासतात, तीच पद्धत येथे लागू पडते.

सुप्तावस्था

थंडीला तोंड देण्याऐवजी तो काळ टाळण्याचा मार्ग म्हणजे सुप्तावस्था (डायापॉज). थंडीने आलेली साधी मरगळ ऊब मिळताच जाते. सुप्तावस्था तशी जात नाही. ती येऊ घातलेल्या ऋतूची चाहूल लागताच, बहुधा दिवस लहान होऊ लागल्यावर, आधीच सुरू होते आणि ठरावीक काळ उलटल्याशिवाय मोडत नाही. या काळात चयापचय मंदावते, चरबी साठते आणि शीतसहनशीलता आपोआप वाढते. दिवसाची लांबी मोजण्याशी संबंधित घड्याळ-जनुके आणि इन्शुलिन-संदेशमार्ग यांचा तिच्याशी संबंध आहे. युरोपातील फळमाश्यांत टाइमलेस या घड्याळ-जनुकाच्या दोन पर्यायी रूपांपैकी कोणते आहे यावर माशी किती सहज सुप्त होते हे अवलंबून असते, असे २००७ मध्ये दाखविले गेले.

अहिल्यानगर जिल्हा साधारण १८° ते २०° उत्तर अक्षांशांदरम्यान आहे. येथे वर्षातील सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. दिवसाच्या लांबीतील फरक एवढा थोडा असल्याने ऋतूची खूण म्हणून ती उत्तरेकडील प्रदेशांइतकी ठळक राहत नाही, आणि तापमान, अन्नाची प्रत व ओलावा यांचे महत्त्व वाढते. शिवाय पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात कीटकाचा खरा अवघड काळ अनेकदा मार्च ते मे हा असतो. उसाच्या मुळांवर जगणाऱ्या हुमणीचे भुंगेरे जमिनीत दडून राहतात आणि वळवाच्या किंवा मृगाच्या पावसानंतर बाहेर येतात. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या परिसरात मे अखेरीस व जूनमध्ये लुकलुकणारे काजवेही पावसाळ्याच्या तोंडावरच प्रौढावस्थेत येतात. या कीटकांचे वेळापत्रक पावसाने आखले आहे, थंडीने नव्हे.

रेशीमकीटक

सुप्तावस्थेची आनुवंशिकी सर्वाधिक तपशिलाने ज्ञात आहे ती तुतीच्या रेशीमकीटकात (बॉम्बिक्स मोरी). याच्या वंशांचे वर्षातील पिढ्यांवरून एकपिढी, द्विपिढी व बहुपिढी असे प्रकार पडतात. हा गुण ठरविणाऱ्या जनुकांपैकी प्रमुख जनुक झेड या लिंगगुणसूत्रावर आहे. अंडे सुप्त होणार की नाही, हे अंड्यातील गर्भाच्या जनुकांवर ठरत नाही. ते आईवर ठरते. आईच्या अन्ननलिकेखालील चेतागुच्छातून २४ अमिनो आम्लांचे सुप्तता-संप्रेरक स्रवते व तिच्या कोशावस्थेत वाढणाऱ्या अंड्यांवर परिणाम करते. अशी अंडी ग्लायकोजेन साठवतात आणि सुप्तावस्था सुरू होताच त्याचे सॉर्बिटॉल व ग्लिसरॉल करतात. विशेष म्हणजे हे संप्रेरक स्रवायचे की नाही, हा निर्णय त्याहूनही आधी, आई स्वतः अंड्यात असताना घेतला जातो. द्विपिढी वंशात आईचा गर्भ २५° से.ला वाढला तर ती सुप्त अंडी घालते, १५° से.ला वाढला तर असुप्त. तापमान ओळखणारी ही संवेदी वाहिनी ट्रिप-ए-१ या जनुकाची असल्याचे २०१४ मध्ये सिद्ध झाले. एका पिढीने अनुभवलेली ऊब अशा रीतीने पुढच्या पिढीच्या थंडीच्या तयारीत उतरते.

सुप्त अंड्याला पुन्हा जागे होण्यासाठी थंडीच लागते. ५° से.च्या आसपास काही आठवडे ते महिने राहिल्यावर सॉर्बिटॉलचे पुन्हा ग्लायकोजेन होते आणि गर्भाची वाढ सुरू होते. महाराष्ट्राच्या हिवाळ्यात इतकी सलग थंडी मिळत नाही. म्हणून अंडीपुंज निर्मिती केंद्रांत शीतगृहाचा वापर करतात, किंवा अंडी घातल्यानंतर सुमारे एक दिवसाने ती ४६° से. तापलेल्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लात पाचेक मिनिटे बुडवून सुप्तावस्था टाळतात. म्हैसूर येथील केंद्रीय संस्थेने विकसित केलेल्या सीएसआर-२ व सीएसआर-४ यांसारख्या द्विपिढी वंशांच्या संकरांना ही प्रक्रिया आवश्यक असते. दक्षिण भारतात पूर्वापार चालत आलेल्या प्युअर म्हैसूर या बहुपिढी वंशाला तिची गरज नाही. त्याच्या द्विपिढी वंशाशी केलेल्या संकरात प्युअर म्हैसूर मादी घेण्याचे एक कारण यातच आहे : आई असुप्त वंशाची असल्याने संकरित अंडी आम्लाशिवाय उबतात. नर-मादी उलट घेतल्यास अंड्यातील जनुकांचा वाटा जवळपास तोच राहतो, पण अंडी सुप्त होतात. मातृप्रभावाचे याहून सोपे उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

तुती रेशीम करणाऱ्या शेतकऱ्याकडे येणारी अंडी किंवा बाल्यावस्थेतील (चॉकी) अळ्या ही सर्व प्रक्रिया ओलांडून आलेल्या असतात. अळीला मात्र थंडी सोसत नाही. तिला साधारण २४° ते २८° से. तापमान मानवते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत संगोपनगृह रात्री उबदार ठेवावे लागते. एकाच कीटकाचे अंडे महिनोन्‌महिने शीतगृहात राहू शकते आणि त्याच जनुकसंचाची अळी नगरच्या थंडीत मंदावते. शीतसहनशीलता जातीचा गुण असण्यापेक्षा अवस्थेचा गुण अधिक असतो.

घाटेअळीत (हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा) हेच सुप्तता-संप्रेरक नेमके उलटे काम करते. तेथे ते सुप्त कोशाला जागे करते.

गुलाबी बोंडअळी

शेवगाव, पाथर्डी, नेवासे या कापूसपट्ट्यात सुप्तावस्थेचा प्रश्न गुलाबी (शेंदरी) बोंडअळीच्या रूपाने येतो. या कीटकाची पूर्ण वाढलेली अळी लहान दिवस व उतरते तापमान यांच्या प्रभावाने सुप्त होते आणि न वेचलेली बोंडे, एकमेकांस जोडलेल्या दोन सरक्या किंवा पिकाचे अवशेष यांत पडून राहते. पऱ्हाट्या शेताच्या बांधावर रचून ठेवल्या तर पुढच्या हंगामाची पहिली पिढी तेथूनच निघते.

भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये आणि दोन विषजनुके असलेल्या वाणांना २००६ मध्ये परवानगी मिळाली. गुलाबी बोंडअळीने पहिल्या विषाला प्रतिकार मिळविल्याचे गुजरातमधून २०१० मध्ये जाहीर झाले, आणि २०१७ च्या हंगामात दुहेरी विषाच्या वाणांवरही महाराष्ट्रात मोठे नुकसान झाले. पहिल्या विषाला होणारा प्रतिकार अळीच्या आतड्यातील कॅडहेरिन प्रथिनाच्या जनुकातील बिघाडांशी संबंधित आहे. भारतीय शेतांतील प्रतिकारक्षम अळ्यांत या जनुकाचे अनेकविध बिघाड २०१४ मध्ये नोंदविले गेले.

या प्रतिकाराची किंमत कीटकाला सुप्तावस्थेत मोजावी लागते. अमेरिकेतील ॲरिझोनामध्ये २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रतिकारक्षम वंशांच्या सुप्त अळ्यांपैकी हिवाळ्यानंतर पतंग होऊन बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण साध्या वंशांपेक्षा बरेच कमी होते. म्हणजे जेथे कीटकाला हिवाळा सुप्तावस्थेत काढावाच लागतो, तेथे दर वर्षी प्रतिकाराची जनुके काही प्रमाणात गाळली जातात. ही चाळणी चालण्यासाठी हिवाळ्यात कापूस शेतात उभा नसणे आवश्यक आहे. नगरच्या सौम्य हिवाळ्यात पाणी देऊन कापसाची फरदड घेतली, तर अळीला हिरवी बोंडे मिळत राहतात, सुप्त होण्याची गरज कमी होते आणि प्रतिकाराची किंमत वसूल होण्याची संधीच टळते. डिसेंबरअखेर कापूस संपवावा, फरदड घेऊ नये आणि पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावावी, ही कृषी विभागाची शिफारस सामान्यतः ‘अन्न तोडणे’ म्हणून समजावली जाते. आनुवंशिकीच्या दृष्टीने तिला ही दुसरी बाजूही आहे. अर्थात, एका हंगामाच्या भावाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याला फरदडीतून मिळणारे चार क्विंटल सोडणे सोपे नसते, आणि शेजाऱ्याने ती घेतल्यास एकट्याने सोडून उपयोगही मर्यादित राहतो.

हिवाळ्यात जागे राहणारे कीटक

घाटेअळी चीनच्या उत्तर भागात हिवाळा कोशरूपाने सुप्तावस्थेत काढते. महाराष्ट्रात तीच जात ऐन हिवाळ्यात हरभरा व तुरीवर खात असते. तिच्या वाढीसाठी किमान तापमान साधारण १०° ते १२° से. लागते. नगरला पहाटे पारा याखाली गेला तरी दुपारी तो २५° से.च्या वर चढतो, त्यामुळे वाढ थांबत नाही, फक्त लांबते.

अमेरिकन लष्करी अळी (स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा) या बाबतीत दुसरे टोक आहे. तिच्यात सुप्तावस्थाच नाही. उत्तर अमेरिकेत ती फ्लोरिडा व टेक्ससच्या दक्षिण भागातच हिवाळा काढू शकते आणि दर उन्हाळ्यात उत्तरेकडे उडत जाते. २०१८ मध्ये भारतात ती प्रथम कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रातील मक्यावर आली. दख्खनच्या पठारावर तिला अडविण्याइतकी थंडी पडत नाही आणि मका, ऊस व चारापिके वर्षभर उपलब्ध असतात. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येणाऱ्या बागायती भागात म्हणूनच ती कोणत्याही हंगामात दिसू शकते.

उष्ण प्रदेशातील जातींची मर्यादा

थंडी वाढली किंवा जात थंड प्रदेशात पोहोचली, तर ती उत्क्रांतीने जुळवून घेईलच असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी समूहात आधीपासून आनुवंशिक विविधता असावी लागते. ड्रॉसोफिलाच्या अनेक जातींची तुलना करणाऱ्या २००९ च्या अभ्यासात, केवळ दमट उष्ण प्रदेशापुरत्या मर्यादित जातींमध्ये थंडी व कोरडेपणा सोसण्याच्या गुणांसाठी अशी विविधता फारच कमी आढळली. दूरवर पसरलेल्या जातींत ती भरपूर होती.

सह्याद्रीत हा प्रश्न डोंगरमाथ्यांवर येतो. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर व हरिश्चंद्रगड हे दोन्ही अकोले तालुक्यात असून, नगरच्या सुमारे ६५० मीटर उंचीच्या पठारापेक्षा कळसूबाईचा माथा साधारणतः सहा अंशांनी थंड असतो. पायथ्याची भातखाचरे आणि माथ्यावरील गवताळ सडा यांत काही किलोमीटरचेच अंतर असल्याने, दोन्हीकडील एकाच जातीच्या कीटकांत आनुवंशिक फरक टिकतो की उडणाऱ्या कीटकांच्या मिसळण्याने पुसला जातो, हे ठरविण्याची पद्धत तीच आहे : दोन्ही ठिकाणांहून माद्या आणून त्यांची संतती एकाच तापमानात वाढविणे आणि मग मूर्च्छेतून सावरण्याचा वेळ मोजणे.